‘टेअर’चं गोत्र

शाम्पूच्या पुडीवर, सॉसच्या पाकिटावर कोपऱ्यात एक बारीक खाच असते आणि शेजारी दोन इंग्रजी शब्द छापलेले असतात: ‘टेअर हिअर’. कात्री शोधू नका, दोन्ही चिमटींत धरा आणि ओढा, एवढा सगळा निरोप त्यातल्या एका क्रियापदात मावतो. काही पिशव्यांवर ‘कट हिअर’ असतं, तिथे मात्र हत्यार लागतं. इंग्रजी बोलणाऱ्याच्या मनात या दोन क्रियापदांमधली हद्द पक्की असते. कट म्हटलं की पातं आलं आणि पात्याने काढलेली साफ कड आली. टेअर म्हटलं की हात, नखं, दात, खिळा, काटा, सोसाट्याचा वारा यांपैकी काहीतरी आलं, ओढ आली आणि कडेला लोंबणारे धागे आले.

नेमकी हीच हद्द ज्या कथेचा कणा आहे, ती आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, शस्त्राने तर नाहीच, असा वर हिरण्यकशिपूने मागून घेतला होता. म्हणून नरसिंहाने त्याला सांजवेळी उंबरठ्यावर मांडीवर घेतलं आणि नखांनी त्याचं पोट फाडलं. तिथे कापून भागणारच नव्हतं, कापायला शस्त्र लागलं असतं. पुराणात आणि कीर्तनात या कृतीसाठी जो भारदस्त शब्द येतो तो ‘विदारण’. हे विदारण आणि सॉसच्या पाकिटावरचं टेअर एकाच गोत्रातले आहेत, आणि हे गोत्र ध्वनिनियमांच्या कसोटीवर घासून पाहिलेलं आहे.

विदारणाच्या मुळाशी संस्कृतातला ‘दॄ’ हा धातू आहे. पाणिनीय धातुपाठात त्याचा अर्थच ‘विदारण’ असा दिला आहे आणि त्याचं वर्तमानकाळी रूप होतं ‘दृणाति’. आता दॄ आणि टेअर यांत वरवर ऐकताना फक्त र सारखा आहे. द कुठे आणि ट कुठे! पण नातं सिद्ध होतं ते याच फरकामुळे. 2 फेब्रुवारी 1786 रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळ भाषेच्या लेकी असाव्यात असं मांडलं. पुढे 1818 मध्ये डेन्मार्कच्या रास्मुस रास्क यांनी आणि 1822 मध्ये जर्मनीच्या याकोब ग्रिम यांनी, परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांपैकी थोरल्याने, जर्मानिक भाषांतले उच्चार कसे ठरावीक रीतीने सरकले ते दाखवून दिलं. त्यातला एक सरळ नियम असा की जिथे संस्कृतात द आहे, तिथे इंग्रजीत ट मिळतो. द्वि आणि टू, दश आणि टेन, दंत आणि टूथ, दमन करण्यातला दम् आणि माणसाळवण्याचा टेम. त्याच ओळीत दॄ आणि टेअर बसतात. सुट्या एका जोडीवर मी विश्वास ठेवला नसता. अख्खी ओळ एका चालीने चालते, तेव्हा संशयाला जागा उरत नाही.

याहून सुंदर पुरावा टेअरच्या तिसऱ्या रूपात आहे. टेअर, टोअर, टॉर्न. शाळेत ही रूपं घोकून घेतात आणि शेवटी न कुठून आला हे कोणी विचारत नाही. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद होतं ‘तेरान’, आणि फाटलेलं या अर्थाचं रूप होतं ‘तोरेन’. संस्कृतात दॄचं असंच रूप ‘दीर्ण’, त्यावरूनच आपलं ‘विदीर्ण’. दीर्णमधला ण आणि टॉर्नमधला न हे एकाच प्राचीन प्रत्ययाच्या घराण्यातले आहेत. केलेलं, गेलेलं या अर्थाने संस्कृतात एरवी त लागतो: कृत, गत, श्रुत. पण र किंवा द नंतर तो न होतो, हे पाणिनीने अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायात, दुसऱ्या पादाच्या 42 व्या सूत्रात सांगून ठेवलं आहे. त्याच सूत्राने भिद् धातूचं ‘भिन्न’ होतं, आणि भिद्चा इंग्रजी भाऊबंद आहे ‘बाइट’, ज्याचं तिसरं रूप ‘बिटन’. भिन्न आणि बिटन, दीर्ण आणि टॉर्न. हे पहिल्यांदा शेजारीशेजारी मांडलेलं पाहिलं तेव्हा मला जो आनंद झाला, तो अजून ओसरलेला नाही.

मधल्या ‘टोअर’चा इतिहास मात्र वेगळा आहे. तो मूळचा नाही. 1611 साली इंग्लंडात बायबलचा जो अधिकृत अनुवाद निघाला, त्यात या क्रियापदाचं भूतकाळी रूप ‘टेअर’ असंच ऐकू येणारं, पण वेगळ्या स्पेलिंगचं आहे. पुढे तिसऱ्या रूपातला ओ भूतकाळात शिरला आणि टोअर रुजलं. बेअर, बोअर, बॉर्न आणि स्वेअर, स्वोअर, स्वॉर्न यांची चालही अशीच. या मंडळींचा दरारा एवढा की अंगावर कपडा घालणं या अर्थाचं ‘वेअर’ हे क्रियापद, जे आधी साधंसुधं प्रत्यय लावून चालायचं, तेही त्यांच्यामागे गेलं आणि वोअर, वॉर्न असं बोलू लागलं. बरीच अनियमित इंग्रजी क्रियापदं काळाच्या ओघात नियमित झाली, हे मात्र उलट्या दिशेने गेलं. पुढे सतराव्या शतकापासून वेअर आणि टेअर एकत्र नांदू लागले, त्याचं ‘वेअर अँड टेअर’ झालं, आणि आज आपल्याकडच्या गॅरेजपासून भाडेकरारापर्यंत सगळीकडे ते जसंच्या तसं वापरतात. त्याला आपला ‘झीज’ हा शब्द पुरतो. हिशेबाच्या वहीत त्याच झिजेचे पैसे मांडतात तेव्हा त्याला ‘घसारा’ म्हणतात.

मूळ धातूचा अर्थ काय असावा? ग्रीकांकडे गेलं की त्यावर बराच प्रकाश पडतो. ग्रीकमध्ये ‘देरो’ म्हणजे कातडं सोलणं, आणि जे सोलून निघतं ते ‘देर्मा’, म्हणजे त्वचा. त्यावरून डर्मॅटॉलॉजिस्ट आले, एपिडर्मिस आली, मेलेल्या प्राण्याचं कातडं भरून ठेवणारी टॅक्सिडर्मी आली, आणि हत्ती-गेंड्यांसारख्या जाड कातडीच्या प्राण्यांना पॅकिडर्म हे नाव मिळालं. ज्या काळात हा धातू बोलीत होता तेव्हा कागद नव्हता. शिकारीचं कातडं मांसापासून ओढून वेगळं करणं हे मात्र रोजचं काम होतं. त्यामुळे फाडणं आणि सोलणं या धातूत एकत्र नांदतात. इंग्रजीने त्यातलं फाडणं ठेवलं, ग्रीकने सोलणं.

संस्कृतातही कातडीचा धागा तुटलेला नाही. याच दॄ धातूचा आरंभ दुणावून ‘दद्रु’ हा शब्द तयार झाला. दद्रु म्हणजे कातडी सुटून खपल्या धरणारा रोग, आपला नायटा किंवा गजकर्ण. त्याचंच मराठी रूप ‘दाद’. दाद, खाज, खरूज अशी त्रयी मलमाच्या जाहिरातींतून अनेकांनी वाचली असेल. इंग्रजीतही त्याच घडणीचा ‘टेटर’ हा जुना शब्द तशाच चर्मरोगांसाठी आहे, आज तो मागे पडला आहे. पावसाळ्यात कोकणात जिकडेतिकडे उगवणारा आणि कोवळा असताना भाजीसाठी खुडला जाणारा टाकळा कातडीच्या विकारांवर वापरतात, आणि त्याचं आयुर्वेदातलं एक नाव ‘दद्रुघ्न’, म्हणजे दाद मारणारा. दाद घेऊन रोगी डर्मॅटॉलॉजिस्टकडे जातो तेव्हा रोगाचं नाव आणि वैद्याची पदवी एका धातूचे वारस असतात.

मराठीत या गोत्राची वस्ती कुठे आहे, हे शोधायला लागलं की थेट सह्याद्री लागतो. ‘दरी’ हा शब्द दॄपासूनच आला. संस्कृतात दरी म्हणजे फाटलेली जागा: डोंगरातली भेग, कपार, गुहा. कालिदासाने ‘कुमारसंभवा’च्या आरंभी हिमालयाचं वर्णन करताना ‘दरीगृह’ म्हटलं आहे ते गुहेला. मराठीत आल्यावर या शब्दाने गुहा सोडली आणि दोन डोंगरांमधली खोल जागा धरली. दऱ्याखोऱ्या म्हणताना जमीन फाटल्याचं चित्र आपल्या डोळ्यांपुढे येत नाही, पण हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पोटावर झोपून खाली पाहिलं की शब्द घडवणाऱ्याला काय दिसलं असेल ते कळतं.

दुसरी वस्ती पुणे जिल्ह्यात सासवडजवळ आहे. ‘पुरंदर’ हे इंद्राचं वैदिक नाव. पुर् म्हणजे तटबंदीचं ठिकाण आणि ते विदारणारा तो पुरंदर. पाणिनीने या शब्दाची घडण एका वेगळ्या सूत्रात नोंदवली आहे, इतका तो रूढ होता. तट फोडणाऱ्या देवाचं नाव एका बेलाग किल्ल्याला मिळालं, आणि 11 जून 1665 रोजी त्याच किल्ल्याच्या नावाने झालेल्या तहात शिवाजी महाराजांना 23 किल्ले द्यावे लागले. या नावाने विसाव्या शतकात पुरातत्त्वातही खळबळ उडवली. सर मॉर्टिमर व्हीलर यांनी हडप्पाच्या 1946 च्या उत्खननाचा अहवाल लिहिताना सिंधू संस्कृतीच्या शेवटाचा ठपका या दुर्गभंजक इंद्रावर, म्हणजे आर्यांच्या स्वारीवर, ठेवला. 1964 मध्ये अमेरिकी पुरातत्त्वज्ञ जॉर्ज डेल्स यांनी या स्वारीची खूण मानल्या गेलेल्या मोहेंजोदडोमधल्या कथित कत्तलीचे पुरावे तपासून तिला दंतकथा ठरवलं. एका विशेषणावर इतिहासाचा एवढा भार टाकणं मला कधीच पटलं नाही. भाषेपुरता मात्र एक धागा इथे हाती लागतो. चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपने गॉथिक भाषेत बायबल आणलं, त्यात टेअरचा सख्खा भाऊ ‘गतैरन’ हा मोडणं, उद्ध्वस्त करणं या अर्थाने येतो. आजच्या इंग्रजीत जुनी इमारत पाडायची तर ‘टेअर डाउन’ म्हणतात. म्हणजे तट पाडण्याचा अर्थ या धातूला दोन्ही खंडांत चिकटून राहिला.

तिसरी वस्ती चारचौघांत बोलायची नाही, पण ती प्रत्येक गावाच्या भिंतीवर रंगवलेली असते: ‘मूळव्याध, फिशर, भगंदर’. सुश्रुताने भगंदराचं नाव सांगतानाच कारण दिलं आहे की हा रोग भग, गुद आणि बस्ती या भागांचं दारण करतो, म्हणून भगंदर. पुरंदर आणि भगंदर यांचा उत्तरार्ध एकच. आणि मधला ‘फिशर’? तो लॅटिनमधून इंग्रजीत आणि तिथून आपल्या भिंतीवर आला. त्याच्या मुळाशी जो लॅटिन धातू आहे तो आपल्या भिद्चा, म्हणजे भेद आणि भिन्न यांचा, भाऊ. त्या पाटीवर दोन जुन्या धातूंची घराणी शेजारी राहतात.

एवढी दूरची नाती सांगून झाल्यावर साहजिक प्रश्न येतो की मग आपलं रोजचं ‘फाडणे’ कोणाचं? ते दॄचं नव्हे. ते संस्कृतातल्या ‘स्फाटयति’वरून आलं, आणि त्याची रीत टेअरहून वेगळी आहे. मराठीत फाटणे आणि फाडणे ही दोन क्रियापदं आहेत. एकात कर्ता लागत नाही, दुसऱ्यात लागतो. इंग्रजीत दोन्हीला टेअरच. त्यामुळे ‘आय हॅव टॉर्न माय शर्ट’ हे वाक्य ऐकून मराठी माणूस चमकतो: स्वतःचाच शर्ट मुद्दाम का फाडला? बोलणाऱ्याला एवढंच सांगायचं असतं की खिळ्याला अडकून माझा शर्ट फाटला. ज्याचं नुकसान झालं त्यालाच कर्त्याच्या जागी बसवायची इंग्रजीची ही लकब आहे. खेळाडूने गुडघ्याचं लिगामेंट ‘टॉर्न’ केलं म्हणतात, तेव्हा त्याने काही केलेलं नसतं. मराठीने यातून आपली वाट काढली आणि टेअरचं सरळ नाम करून टाकलं: ‘लिगामेंट टेअर झालंय.’ कर्ता गेला, प्रश्न मिटला. उलट, फाटणे जिथे जिथे फिरतं तिथे टेअरला प्रवेश नाही. दूध फाटतं, आभाळ फाटतं, वाहतूक पोलीस पावती फाडतो. यांतल्या एकाही ठिकाणी टेअर चालणार नाही.

फाडण्याची क्रिया जवळून पाहायची तर जुन्या पेठेतल्या कापडदुकानात जावं. अडीच मीटर पॉपलीन मागितलं की दुकानदार गजाने मोजतो, ताग्याच्या काठावर कात्रीने जेमतेम बोटभर छेद देतो आणि कात्री बाजूला ठेवतो. मग दोन्ही मुठींत छेदाच्या दोन बाजू धरून हात झटक्यात लांब नेतो. टर्र असा आवाज होतो आणि कापड या काठापासून त्या काठापर्यंत सरळ रेषेत दुभंगतं. कात्री चालवली असती तर रेषा थोडी तरी वाकली असती. इथे सगळी ओढ छेदाच्या टोकाशी गोळा होते, एका वेळी एकच उभा धागा तुटतो, मग त्याच्या शेजारचा, आणि आडवे धागे त्या फाटीला वळू देत नाहीत. मांजरपाट, पॉपलीन असं साधं विणलेलं सुती कापड असं फाटतं, बनियनच्या होजिअरीवर हा प्रयोग होत नाही. ग्राहकही सांगतात ते ‘अडीच मीटर फाडा’ असंच. सॉसच्या पाकिटावरची खाच म्हणजे हाच छेद, कारखान्यातच देऊन ठेवलेला.

कागदाला अशी शिस्त लावण्याचं काम आयर्लंडच्या हेन्री आर्चर यांनी केलं. टपालाची तिकिटं 1840 मध्ये निघाली तेव्हा पूर्ण तावातून एकेक तिकीट कात्रीने कापावं लागे. आर्चर यांनी 1847 च्या सुमारास कागदाला आधी चिरा पाडणारं आणि ते नीट साधेना म्हणून मग भोकं पाडणारं यंत्र तयार केलं. ब्रिटिश सरकारने 1853 मध्ये त्याचे हक्क 4,000 पौंडांना घेतले आणि 1854 पासून भोकांच्या रांगेची तिकिटं विकायला आली. भारतात त्याच 1854 साली देशभरासाठी पहिली तिकिटं छापली गेली, ती मात्र अजून कात्रीचीच होती. टेअरसारख्या धसमुसळ्या क्रियापदाला ‘ठिपक्यांच्या रेषेवरून’ हे नेमकं क्रियाविशेषण मिळालं ते या यंत्रामुळे.

इंग्रजीत फाडण्याची आणखीही क्रियापदं आहेत. ‘रेंड’ जुनं आणि गंभीर, शोकाने वस्त्र फाडणं अशा जागी शोभणारं. ‘रिप’ मध्ययुगाच्या अखेरीस, बहुधा समुद्रापलीकडच्या सखल प्रदेशातल्या भाषांतून आलं, आणि त्यात झटका नि आवाज असतो. शिवणीशी त्याचं विशेष सख्य आहे. टाके उसवायच्या छोट्या दुतोंडी अवजाराला म्हणूनच ‘सीम रिपर’ म्हणतात. आपलं उसवणे त्याहून नेमकं, कारण उसवलेलं पुन्हा शिवता येतं हे त्यात गृहीत आहे. टेअर या सगळ्यांत साधं आणि सर्वांत लांब पल्ल्याचं. सोळाव्या शतकात ते सुसाट धावण्यालाही लागू झालं, जणू धावणारा हवाच फाडत जातो. दोन ओढींमध्ये सापडलेल्या माणसालाही ‘टॉर्न’ म्हणतात, आपण जिथे मन द्विधा झालं म्हणू तिथे.

आता गोत्राबाहेरचे, पण नावसाधर्म्यामुळे आत घुसणारे. डोळ्यांतून येणारा ‘टिअर’ हा टेअरचा कोणी लागत नाही. स्पेलिंग एक झालं ते नंतर, जुन्या इंग्रजीत दोघांचे उच्चार वेगळे होते आणि आजही आहेत. देवनागरीत लिहिलं तर घोटाळाच होत नाही. त्या टिअरचे नातलग ग्रीक ‘दाक्रू’ आणि लॅटिन ‘लाक्रिमा’. संस्कृत अश्रूलाही बहुतेक अभ्यासक आरंभीचा द गळालेला भाऊ म्हणून त्याच घरात बसवतात, म्हणजे टिअरगॅसला अश्रुधूर म्हणणाऱ्याने नकळत सख्खं नातं जोडलं. आपल्याकडची ‘दाद’ही अशीच दुहेरी: न्याय मागायची आणि गाणाऱ्याला द्यायची दाद फारसीतून आली, कातडीवरची दद्रुमधून. ‘आदर’मधला दृ हा ऱ्हस्व आणि वेगळा धातू, त्याचा फाडण्याशी संबंध नाही. देवदारातला ‘दारु’, म्हणजे लाकूड, हा जुन्या वैयाकरणांनी दॄकडे नेला. तुलनात्मक भाषाशास्त्र त्याला इंग्रजी ‘ट्री’चा भाऊ मानतं आणि द-ट चा नियम तिथेही लागू पडतो. आणि श्रद्धांजलीच्या फलकावर लिहितात ते ‘रिप’ तर क्रियापदच नाही. ती शांती लाभो या अर्थाच्या लॅटिन वाक्याची आद्याक्षरं आहेत, आणि ती आर, आय, पी अशी सुटी वाचायची असतात.